सहा डब्यांतले तांदूळ

सहाव्या डब्यातूनही तांदूळच निघाले.

मोबाईलच्या पडद्यावर सुरज भोयरचे हात थांबले. "चोट्टा साला," असा त्याचा आवाज आला. चित्र हललं. टेबल दिसलं, छत दिसलं. मग कुणाच्या तरी गालावर चापट बसल्याचा आवाज. व्हिडिओ संपला.

"झालं समाधान?" ठाणेदार म्हणाले. "आता शोधायचं काय उरलं, नाकतोडे?"

हवालदार मुखरू नाकतोडेनं व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

खोकं पक्कं बंद होतं. कुरिअर कंपनीची हिरवी टेप चारही बाजूंनी होती. सुरजनं ती ब्लेडनं कापली. आत सहा रंगीत डबे, प्रत्येकावर गोल सील. प्रत्येक डब्यात कॉम्प्युटरचं महागडं ग्राफिक कार्ड असायला हवं होतं. निघाली ती प्लास्टिकची पिशवी, तांदळानं भरलेली.

हा व्हिडिओ कालपासून वडशातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरत होता. बाजारात गफ्फारचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याचा मुलगा अजीम लोकांना ऑनलाइन माल मागवून देतो. सुरजचं खोकं एक रात्र त्या दुकानात होतं. लोकांना तेवढं पुरलं. आज सकाळी त्यांनी दुकानाचं शटर पहारीनं वाकवलं. आता दीडेकशे माणसं ठाण्यासमोरच्या चिखलात उभी होती आणि अजीम आतल्या खोलीत बाकावर बसला होता, ओठ फुटलेला.

"पाच वाजता मी त्याची अटक दाखवणार," ठाणेदार म्हणाले. "बाहेरचे थांबायला तयार नाहीत."

"अन् तो नसला तं, साहेब?"

"तर पाचच्या आत जो असेल तो आणून उभा कर. तुझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. कशाला डोकं लावतोस?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

पंचनाम्यातल्या पिशवीतून मुखरूनं चिमूटभर तांदूळ घेतले. निम्मे तुटलेले होते. एक साबूत दाणा त्यानं खिडकीच्या उजेडात धरला. दाण्याच्या पोटात आडवी बारीक रेघ होती, केसासारखी. दाणा दाताखाली धरला. तो कट्कन फुटला.

मुखरूनं खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ काळं होतं. ऐन कापणीत अवकाळी पाऊस लागला त्याला आज नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत ऊन कुणी पाहिलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर गफ्फार बसला होता. मुखरू जवळ गेला तरी तो उठला नाही.

"विचारा, मुखरूभाऊ. सारेच आमाले विचारून राह्यले. शटर कोनं तोडलं ते कोणीच विचारत नाई."

"तुह्या पोराले विचारतो पह्यले."

"विचारा. नाई तरी तुमी बी त्यायच्यातलेच."

मुखरू आत गेला. अजीमसमोर खुर्ची ओढून बसला.

"सुरजले सहा कार्डं कायले पाहिजे? गेम खेळाले?"

"नाई साहेब. मायनिंगले. हे कार्डं रातदिवस गणितं सोडवतेत. गणित सुटलं का नेटवरच्या नाण्याचा तुकडा भेटते."

"नाणं दिसते का डोयानं?"

"नाई."

"मंग लोकं कायच्यासाठी मरून राह्यले?"

"ते मले विचारू नका. मी माल मागवून देतो, लावून देतो." अजीमनं ओठ पुसला. "कार्ड तापते भट्टीवानी. लाईटचं बिल गंज येते, हजारोनं. पंखे लावून गरम हवा भायेर फेका लागते, नाई तं जळून जाते."

"खोकं कधी आणलं?"

"मंगळवारी चार वाजता. कुलदीपभाऊच्या कुरिअरमधून."

"घरपोच नाई देल्लं?"

"महाग माल होता. म्हणे तूच येऊन ने. माह्यासमोर काट्यावर ठेवलं. अकरा किलो सहाशे चाळीस ग्रॅम. चिठ्ठीवर बी तेवढंच. म्हणे, पाहून घे, मंग बोंबलू नको. माह्याकून सही घेतली."

"दर खेपेस असंच तोलून देते?"

अजीम विचारात पडला. "नाई. याच खेपेस देल्लं."

"तू खोकं उघडलं नाई?"

"ज्याचा माल, त्याच्या हातानं उघडाव. व्हिडिओ काढ म्हणून बी मीच सांगतलं होतं सुरजले." तो कडवट हसला. "चापट बी त्याच व्हिडिओत आली."

"कंपनीनं पैसे वापस नाई केले?"

"नाई म्हणते. वजन बरोबर, सही बरोबर. म्हणजे माल आमच्याकडे आल्यावर बदलला."

"कार्डं भेटले तं ओळखशीन कसा?"

"डब्यावर नंबर राह्यते. तोच नंबर कार्डाच्या पाठीवर राह्यते. दुसऱ्या कोणत्याच कार्डावर नाई."

मुखरूनं सहाही डब्यांवरचे नंबर वहीत उतरवून घेतले.

ठाण्याच्या पायरीवरच सुरजनं त्याला अडवलं. त्याच्या मागे गर्दी सरकली.

"काय हवालदार, किती भेटले गफ्फारकून?"

"तुले एक विचारतो. तूच कार्डं काढून ठेवले, तांदूळ भरले, अन् कंपनीकून पैसे मागतले, असंबी होऊ शकते ना?"

"मी?" सुरजच्या मानेच्या शिरा फुगल्या. "माह्या शेडमधी आजून मीटर नाई लागलं. कार्डं कुठी लावू, तुमच्या टोपीत? चाला, पाहा शेड!"

मुखरू खरोखरच गेला. शेड रिकामी होती. वायर नव्हती, मीटर नव्हतं, भिंतींना ओल आली होती. सुरज दारात उभा राहून शिव्या देत होता. त्या खऱ्या रागाच्या होत्या.

कुरिअरची ब्रँच स्टेशनच्या रस्त्यावर होती. दारातच काटा, मागे पार्सलांचा ढीग. मुखरूच्या ओल्या वर्दीला कुबट वास येत होता. कुलदीप टेबलामागून उठला. त्याचं कंपनीचं जॅकेट खडखडीत कोरडं होतं.

"बायको चांगली भेटली वाटते," मुखरू म्हणाला. "अशा पावसात बी कपडे सुकवून देते."

"लगन व्हाचं आहे आजून. चहा घेता?"

"चहा नाई. त्या खोक्याचं सांग."

कुलदीपनं कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. "हे पाहा. सोमवारी राती नागपूरची गाडी आली तवाचं वजन, अकरा सहाशे चाळीस. मंगळवारी त्याच्या हातात देल्लं तवाचं बी तेच. एका ग्रॅमचा फरक नाई. माह्या इथी बदललं असतं तं जुळलं असतं का?"

"नसतं जुळलं."

"बस मंग. तुमी त्या लोकायले डोक्शावर बसवता, अन् आमच्या दारात चौकशीले येता. पब्लिक पाहून राह्यली, हवालदार."

"राती ब्रँचमधी कोण राह्यते?"

"कोणी नाई. चाबी माह्याजवळ."

"दर पार्सल देताना तोलता?"

"महाग असन तं तोलतो. गुन्हा आहे का?"

मुखरू नाही म्हणाला. टेबलावर हिरव्या टेपची पाच-सहा रिळं पडली होती. त्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं.

"हे टेप बजारात भेटते?"

"नाई. कंपनीतूनच येते. नकली पार्सल होऊ नाई म्हणून."

साडेबारा वाजता मुखरू राईस मिलच्या अंगणात शिरला. ताडपत्र्यांखाली ओला धान घेऊन शेतकरी बसले होते. काही पोत्यांतल्या धानाला मोड आले होते. एकानं विचारलं, "हवालदार, ऊन पकडून आणता का थोडंसं? चोरं तं भेटत नाई तुमाले." सगळे हसले. मुखरूही हसला.

मिलचा मिस्त्री इसरू चाळीस वर्षांपासून धान भरडत होता. मुखरूनं त्याच्या तळहातावर तांदूळ टाकले.

"पाह्य बरं."

इसरूनं तांदूळ नाकाशी नेले, दोन बोटांत चुरले. "यंदाचाच आहे. आपल्याच पट्ट्यातला. पण उन्हात नाई सुकला."

"तुमच्यासारखा तुसाच्या भट्टीवर सुकवला असन."

"मंग धुराचा वास कुठी आहे? हा कोरड्या गरम वाऱ्यावर झटक्यानं सुकवला. वरून सुकते, आत ओल राह्यते, अन् दाणा पोटातून तडकते. भरडाले टाकला का कणीच कणी."

"असा धान आणला होता कोणी?"

इसरूनं कपाळावर हात मारला. "एकच बाई! टोलीवरची कमळाबाई. मागच्या शनिवारी. सारे ओला धान घेऊन रडून राह्यले, अन् हे सुका धान घेऊन आली. मी म्हटलं, देव पावला इले. भरडला तं अर्धी कणी. मलेच शिव्या देऊन गेली, तुह्या मशिनीत खोट आहे म्हणे! व्यापाऱ्यानं बी घेतला नाई. सारा तांदूळ घरी वापस नेला तिनं."

मुखरूनं ठाण्यात फोन लावून शिपाई रश्मीला बोलावून घेतलं. दोघं मोटारसायकलवर निघाले. वैनगंगेच्या बाजूला पाच किलोमीटरवर टोलीची छोटी वस्ती होती. गाडी दोनदा चिखलात रुतली.

कमळाबाईच्या अंगणात चार बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. टोपल्यांत ओला धान होता. वर्दी पाहून त्या उठू लागल्या.

"बसा, बसा," मुखरू म्हणाला. "कायची लाईन आहे?"

"धान सुकवाची," एकीनं सांगितलं. "आज चंचलचा नंबर आहे, मंग माहा."

कमळाबाई गोठ्याच्या मागून आली. कमरेला पदर खोचलेला, हाताला भुसा लागलेला.

"कोण पाह्यजे?"

"धान कुठी सुकवून राह्यली, बाई? साऱ्या तालुक्याचा सडून राह्यला."

कमळाबाईचा चेहरा फुलला. "मशीन आहे माह्याजवळ! या, दाखवतो."

गोठ्याला नवं पत्र्याचं दार होतं आणि दाराला मोठं कुलूप. मागच्या भिंतीत दोन भोकं पाडून मोठे पंखे बसवले होते. पंख्यांतून भट्टीच्या तोंडासारखा गरम वारा सरळ बाहेर येत होता. वारा लागेल अशा बेतानं कमळाबाईनं छपराखाली बांबूचे तट्टे मांडले होते. तट्ट्यांवर धान पसरला होता. एका दोरीवर कपडे वाळत होते, त्यात कंपनीचं एक जॅकेटही होतं. आतून एकसारखा घूंऽऽ आवाज येत होता.

"मशीन आतून कशी आहे?" रश्मीनं विचारलं.

"आत नाई जाऊ देत पोरगा. करंट लागते म्हणते. मी भायेरच्या भायेर धान पसरवतो."

"कधीपासून आहे?"

"उन्हाळ्यापासून. पोरगा म्हणे, धान सुकवाची मशीन आहे. धान नसला तरी चालूच राह्यते. मी म्हटलं, अरे बंद कर ना. म्हणे, बंद केली का बिघडते. मंग पाऊस आला, अन् मी म्हटलं, एवढा वारा वाया कायले जाऊ द्याचा?"

ओसरीत तांदळाची पोती रचलेली होती. एक पोतं फाटलेलं होतं. फाटक्या जागेवर हिरवी टेप चिकटवलेली होती. तिच्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं.

"पोरगा कुठी काम करते, बाई?"

"वडशाले. कुरिअरात. साहेब आहे तिथला." ती दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागली. "काऊन? काय झालं माह्या कुलदीपले?"

मुखरूनं रश्मीला टोलीतून दोन पंच आणायला पाठवलं, आणि ठाणेदारांना फोन लावून कुलूप तोडायची परवानगी मागितली.

पावणेपाचला ठाणेदारांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलाच्या एका बाजूला अजीम आणि गफ्फार, दुसऱ्या बाजूला सुरज. कुलदीपला साक्ष लिहून द्यायला म्हणून बोलावलं होतं. तो खुर्चीवर रेलून बसला होता. खिडकीच्या गजांना बाहेरचे चेहरे चिकटले होते.

"लवकर आटप," ठाणेदार म्हणाले.

मुखरू उभा राहिला.

"साहेब, पह्यली गोष्ट तांदळाची. तांदूळ यंदाचा आहे, इथलाच आहे. म्हणजे माल दूरच्या शहरात नाई, इथीच बदलला. इथी तीन हात लागले. कुलदीपचे, अजीमचे, सुरजचे."

"मग हा अजीमच."

"आता वजन पाहा. चोरानं तांदूळच काऊन भरले? इटा भरल्या असत्या, फरशी भरली असती. पण इटेनं ग्रॅम जुळत नाई. तांदूळ चिमटीनं कमी-जास्त करता येते. ग्रॅम जुळवाची गरज कोणाले होती? सही झाल्यावर ते खोकं पुन्हा कोणी तोलणारच नव्हतं. अजीमले दगड भरले असते तरी चाललं असतं. सुरजले बी चाललं असतं. वजन त्यालेच जुळवा लागते, ज्याच्या हातून गेल्यावर खोकं काट्यावर चढणार आहे."

खिडकीतले चेहरे कुलदीपकडे वळले.

"सोमवारी राती खोकं आलं. चाबी एकाजवळ. त्यानं डब्यांचे सील गरम हवेनं सोडवले, कार्डं काढले, तांदूळ भरले, सील परत चिकटवले, वरून कंपनीची टेप मारली. मंगळवारी अजीमसमोर मुद्दाम तोललं. कधी तोलत नसे, त्या दिवशी तोललं. वजन जुळलं, हेच त्याचं कवच होतं. मले तेच खटकलं."

कुलदीप सरळ बसला. "हा सारा अंदाज आहे. माह्या घरी तांदूळ आहे म्हणून मी चोर? माह्या मायनं तो कोणाले बी विकला असन."

"मी तुह्या घराचं नावबी नाई काढलं आजून," मुखरू म्हणाला.

कुलदीपनं दाराकडे पाहिलं; दारात रश्मी उभी होती.

"अन् तिचा तांदूळ कोणीच घेतला नाई. इसरू साक्ष देईन. गरम वाऱ्यानं तडकला, कणी झाली, पोती घरीच पडून होती. फुकटचा माल म्हणून तू तोच उचलला. नऊ दिवस ऊन नाई, साऱ्याचे कपडे कुबट, अन् तुह्यं जॅकेट खडखडीत. गरम वारा कुठी होता? तुह्या गोठ्यात. तिथी सतरा कार्डं फिरून राह्यले, शेतीच्या पंपाच्या लाईनवर आकडा टाकून. अकरा जुने. नंबर सांगून कंपनीले फोन लावला तवा समजलं, ते उन्हाळ्यापासून बाहेरगावच्या गिऱ्हाइकायच्या पार्सलातून गेलेले. तवा ऑनलाइन दुकानदारायनं पैसे वापस केले, म्हणून कोणी ठाण्यात आलं नाई. पैसे वापस केल्यावर कंपन्या चौकशी लावतेत. म्हणून या खेपेस तुले एक सही पाहिजे होती. अन् सही करणारा असा, का ज्याच्यावर लोक विचार न करता हात टाकतीन."



रश्मीनं टेबलावर काळं, जड कार्ड ठेवलं आणि ते उलटं केलं. मुखरूनं वही अजीमपुढे सरकवली.

"वाच."

अजीमनं कार्डाच्या पाठीवरचा नंबर एकेक अंक करून वाचला. मग वहीतला. ठाणेदारांनी स्वतः वाकून दोन्ही पाहिले. रश्मीनं दुसरं कार्ड ठेवलं. मग तिसरं. सहाही जुळले.

"तिले सांगतलं होतं," कुलदीप दात आवळून म्हणाला. "हजार खेपा सांगतलं, तिथी धान पसरू नको. बुढीनं ऐकलंच नाई. साऱ्या टोलीले गोळा केलं."

"घरात धान सडून राह्यला अन् गरम वारा वाया जाते, हे कोणत्या शेतकरणीले पाहवन?" मुखरू म्हणाला. "तूच तिले म्हटलं होतं, धान सुकवाची मशीन आहे म्हणून. तिनं धान सुकवला."

ठाणेदारांनी कुलदीपला आत न्यायला सांगितलं. त्यानं जाता जाता कुणाकडेच पाहिलं नाही. खिडकीतले चेहरे एकेक करून गळू लागले.

सुरजनं खाकरून घसा साफ केला. त्यानं अजीमच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे ना भाऊ. माह्यं बी डोकं फिरलं होतं. शटरचा खर्च मी देतो. अन् कार्डं तूच लाव, दुसऱ्याच्या हातचं काम मले पटतच नाई."

"हं, मिटवून टाका," ठाणेदार म्हणाले. त्यांनी टोपी घातली. "गैरसमज झाला. गाव एक आहे. अजीम, तू घरी जा. गर्दी पांगेपर्यंत मागच्या बाजूनं गेलास तर बरं."

गफ्फार उठला. पोराचा हात धरून त्यानं दोन पावलं टाकली. अजीम मात्र जागचा हलला नाही. त्यानं खांद्यावरचा हात बाजूला केला.

"अब्बा, थांबा. कालपासून वडशातले सारे माह्यं नाव घेऊन राह्यले. आता मले नावं घ्याचे आहे."

"अजीम," ठाणेदार आवाज चढवून म्हणाले, "कशाला वाढवतोस?"

"मारणाऱ्याचा आवाज व्हिडिओत आहे, साहेब. शटर तोडणारे अब्बानं पाह्यले." त्यानं मुखरूकडे पाहिलं. "तक्रार लिवता का नाई?"

मुखरूनं ठाणेदारांकडे पाहिलं नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढली, कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं.

"बोल. पह्यलं नाव?"

अजीमनं सुरजच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"सुरज भोयर," तो म्हणाला.